नोराबाईंच्या शेळ्या

९ मार्च, रविवार

अहो,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. एसटीत आयुष्यभर तिकिटं तपासलेला माणूस आलेलं पाकीट न उघडता ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. फाडायचंच असेल तर वाचून फाडा.

सुखरूप पोचले. ऋतुराज विमानतळावर आलेला. बारीक झालाय, दाढी वाढवलीये. मिठी मारली आणि गाडीत बसल्या बसल्या पहिलं काय म्हणाला, तर "आई, मंगळसूत्र काढून ठेव हां. शेळ्या तोंड घालतात, ओढतात." मी म्हटलं, "अरे, बाळकुमला गोठ्यात वाढलेय मी. तेव्हा तिथे तुमचे टॉवर नव्हते, आमच्या म्हशी होत्या. मला जनावरं शिकवतोस?" तर म्हणाला, इथला नियमच आहे, जनावरांत काम करताना गळ्यात काही नको. काढलं. पर्समध्ये आहे. मागाहून कळून तुम्ही बोलण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं.

शेत आयर्लंडच्या पश्चिमेला आहे. नोकरी सोडून तो इकडे शिकायला आला, शिक्षण संपल्यावर फिरायला म्हणून निघाला आणि इथे महिनाभरासाठी थांबला, ते तुम्हाला माहीतच आहे. जगभरची पोरं अशी शेतांवर येऊन राहतात म्हणे. सकाळी पाच तास काम करायचं, बदल्यात खोली आणि जेवण. पगार नाही की भाडं नाही. बाकीची पोरं महिन्याभरात पुढच्या गावाला जातात. हा दीड वर्ष झालं, हललेला नाही.

मालकीण नोराबाई. ऐंशीच्या घरातल्या. नवरा जॉन वारला, मूलबाळ नाही. शेळ्या, दोन गाढवं, कोंबड्या, आणि घराच्या मागे उतरत गेलेलं गवताळ रान.

निघताना तुम्ही म्हणालात, "तो कारणाशिवाय तिकीट पाठवणार नाही." त्यावरून मी भांडले, आणि तुम्ही बोलणं टाकलंत ते टाकलंतच. पण खरं सांगते, मला इथे संशय येतोय तो पोराचा नाही, या बाईचा. मी आले तशी तिने मला स्वतःची खोली दिली, ऊन येणारी. स्वतः जिन्याखालच्या खोलीत गेली. जॉनचा लोकरीचा कोट मला घातला आणि बटणं लावून दिली. जेवताना माझा हात धरते. मी ताट उचलायला गेले की "नो, नो, यू रेस्ट." आपल्याकडे शेजारणीला हंडाभर पाणी देताना माणूस दहादा विचार करतो. अनोळखी बाईला कोण देतं असं?

माझा अंदाज सांगते. पोराला फुकट राबवून घेतेय, आणि आता त्याच्या आईलाही गोड बोलून बांधून ठेवायचा विचार आहे. मी डोळे उघडे ठेवून आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. अक्षदा शनिवारी डोंबिवलीहून येऊन डबे भरून जाईल, तिच्यावर चिडू नका.

सरोज


१८ मार्च, मंगळवार

अहो,

अक्षदाचा मेसेज आला. "बाबा विचारतायत तिथे जेवायला काय देतात." म्हणजे पत्र पोचायच्या आधीच चौकशी सुरू आहे. बटाटा देतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ बटाटा.

मी आता धार काढायला बसते. पहिल्या दिवशी शेळीने लाथ मारून बादली उलटवली, दुसऱ्या दिवसापासून उभी राहते. हात विसरले नव्हते. ऋतुराज मात्र बघण्यासारखा आहे हो. शेळ्या त्याच्या पावलांच्या आवाजावर उठून येतात. एका गाढवाचा खूर सडलेला, तो मांडीवर घेऊन रोज स्वच्छ करतो. आपल्या घरी ज्याने स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवला नाही, तो लेंड्या झाडतो आणि शीळ घालतो. तुम्ही एकदा बघितलं असतंत तर सखुबाईंचं विसरला असतात.

लिहिलं खरं, पण तुम्ही विसरणार नाही. समोरच्या चाळीतल्या सखुबाईंनी केवळ ऋतुराजच्या शब्दावर बिल्डरला चाळ पाडायची संमती दिली. तो त्या ऑफिसात होता, म्हाताऱ्या माणसांच्या सह्या आणणं हेच त्याचं काम. "आजी, तुम्ही फक्त चहा पाजा, बाकी माझ्यावर सोडा." म्हातारी दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत गेली, चाळ पाडली, इमारत उभी राहिली नाही, आणि ती तिथेच वारली. त्या दिवसापासून तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत. मी म्हणत राहिले, पोरगा नोकर होता, त्याला काय ठाऊक. अजूनही तेच म्हणते.

पण इथे काहीतरी आहे. तुमच्यासारखी नजर नाही मला, तरी दिसतं. परवा पत्र टाकायला गावातल्या दुकानात गेले. तिथेच पोस्ट आहे. दुकानदार बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "यू पूअर क्रीचर." मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला म्हणते की काय. माझ्या कपाळावर काय लिहिलंय?

रविवारी नोराबाईंचा पुतण्या आला, डेक्लन. उंच, लाल मानेचा. चहा घेताना माझ्याकडे असा बघत होता जसे तुम्ही विनातिकीट माणसाकडे बघायचात. ऋतुराजला विचारलं, "किती दिवस राहणार आहे ही?" माझ्यासमोर, मला इंग्रजी कळत नाही असं धरून. नौपाड्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर अठरा वर्षं बसले मी, फोन कोण घ्यायचं? तो गेल्यावर ऋतुराज म्हणाला, "त्याचा डोळा जागेवर आहे. म्हातारी गेली की शेळ्या खाटकाला आणि इथे सुट्टीची घरं." असेल. माणूस मला आवडला नाही.

आणखी एक. नोराबाई आणि मी एकट्या कधीच नसतो. मी स्वयंपाकघरात गेले की हा येतो. त्या मला काही विचारायला लागल्या की हाच उत्तर देतो. मी म्हटलं, "मला बोलू दे की." तर म्हणे, "त्यांचा अ‍ॅक्सेंट तुला कळणार नाही, गैरसमज होतील."

कसले गैरसमज?

सरोज


२७ मार्च, गुरुवार

अहो,

खुर्चीवर बसून वाचा.

काल ऋतुराज शहरात गेला, खाद्य आणायला. मलाही चल म्हणत होता. मी गुडघा दुखतो म्हटलं. दुखत नव्हता.

नोराबाई अंडी पुसत बसलेल्या. मी समोर बसून पुसायला लागले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, की मला तुझ्याशी कधीपासून बोलायचंय, पण ऋतू म्हणतो, तुला त्रास होईल, विषय काढू नका. मी विचारलं, कसला विषय? त्यांनी अंडं खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुझा नवरा गेला त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि त्यानंतर तुझ्या लोकांनी तुला घराबाहेर काढलं, त्याचं तर अधिकच."

इंग्रजी कळतं म्हणून एवढी वर्षं मिरवले. काल वाटलं, कळत नसतं तर बरं झालं असतं.

त्या बोलत राहिल्या. ऋतूला इथेच राहायचंय, जनावरांवर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या आईला डोक्यावर छप्पर नाही. तेव्हा त्यांनी ठरवलंय, घर आणि रान त्याच्या नावावर करायचं. माझ्यासाठी. पुढच्या गुरुवारी वकिलाकडे जायचंय. "आता तू कधीही कुठे जाऊ नकोस," असं म्हणून माझ्या गालाला हात लावला.

कोट, खोली, दुकानातल्या बाईचा हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि गळ्यातलं का काढायला लावलं तेही. ज्या बाईवर मी नजर ठेवून होते ती मला विधवा समजून सांभाळत होती. तिकीट कशासाठी पाठवलं ते तुम्ही विचारलेलंत ना? दाखवायला. मी दाखवायची वस्तू होते.

मी म्हटलं, "माय हज्बंड इज अलाइव्ह. ही इज इन ठाणे. ॲट होम."

त्या रागावल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत. डोळे भरून आले त्यांचे. मान हलवत म्हणाल्या, "हो गं. माझा जॉनसुद्धा इथेच असतो."

ऋतुराजने त्यांना सांगून ठेवलंय हो. धक्क्याने आईचं डोकं जरा हललंय, अधूनमधून बाबा जिवंत असल्यासारखं बोलते, तेव्हा वाद घालू नका. हे त्यांनीच मला समजावलं, हळू आवाजात, मुलीला समजवावं तसं.

अंडी पुसून झाली. मी हात धुतले. आणखी काय करायचं ते सुचलं नाही.

सरोज


३० मार्च, रविवार

अहो,

त्याला विचारलं. गोठ्यातच, तो गव्हाणी भरत होता तेव्हा.

नाकारलं नाही. म्हणाला, "बोलली का ती? मी तिला सांगितलेलं."

"ऋतुराज, तू बाबांना मारलंस."

"ते मला मेलेलाच समजतात ना? फिट्टंफाट."

"आणि मला वेडी ठरवलंस."

"वेडी नाही म्हटलं. धक्का बसलाय म्हटलं." मग काम थांबवून माझ्याजवळ बसला, लहानपणी बसायचा तसा. "आई, नीट ऐक. हिला कोणी नाही. तो डेक्लन सगळं विकून टाकेल. मी या जनावरांना सोडणार नाही, हिलाही शेवटपर्यंत बघेन. तू बघितलंयस ना मी कसं करतो? सांग, यात कोणाचं नुकसान?"

"मग खरं सांगून माग."

"खरं सांगून कोण देतं, आई?"

मी म्हटलं, "सखुबाईंनाही शेवटपर्यंत बघणार होतास." त्याचा चेहरा बदलला. उठला. "दर वेळी तेच? तू माझी आई आहेस की तिची? गुरुवारपर्यंत फक्त गप्प बस. एवढंच कर माझ्यासाठी."

आता तुम्हाला सांगते ते कोणाला सांगू नका. मी गप्प बसायचं ठरवलेलं. दुपारभर ठरवलेलं. म्हटलं, म्हातारीला सोबत मिळेल, मुक्या जीवांना मालक मिळेल, पोराला एकदाचं घर मिळेल. तुम्ही जिवंत आहात हे मला ठाऊक आहे, अक्षदाला ठाऊक आहे, या बाईला नसलं तर काय बिघडलं? मन असं गोड बोलतं, अगदी त्याच्यासारखं. तो कोणावर गेलाय याचा मग मला प्रश्न राहिला नाही.

संध्याकाळी नोराबाई माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन जिना चढून आल्या. धापा टाकत. मी ती पिशवी घेतली आणि मला गप्प बसवेना.

पुतण्याकडे जाणार नाही. तो माझ्या पोराला फाडून खाईल. सांगायचं तर तिलाच. पण माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, ती सोय त्याने आधीच करून ठेवलीये. तुम्हीच दिसायला हवेत. हे पत्र पोचेल तेव्हा गुरुवार होऊन गेलेला असेल, म्हणून दुकानातून अक्षदाला फोन केलाय. ती ऑफिसातून अर्धा दिवस काढून नौपाड्याला येतेय. तुम्हाला काही सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही ऋतुराजचं नाव ऐकून दार लावून घ्याल.

सरोज


३ एप्रिल, गुरुवार

अहो,

काल अक्षदाने दुपारच्या झोपेतून उठवून तुमच्या तोंडासमोर फोन धरला, आणि पलीकडे एक गोरी म्हातारी तुमच्याकडे बघून रडायला लागली. ती कोण, का रडत होती, हे आधीच्या दोन पत्रांत आहे. ती मागेपुढे पोचतील. आधी ती वाचा.

या बाजूला काय झालं ते सांगते. मी सकाळी मंगळसूत्र घातलं आणि स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी बसले. फोन लावला. अक्षदा दिसली, मग आपलं छत, मग पंखा, मग तुम्ही. बनियनमध्ये, केस उभे. तुम्ही गुरगुरलात, "कोण आहे?" आणि मी नोराबाईंकडे फोन फिरवला.

परकी बाई बघून तुम्ही लगेच बनियन सारखी केलीत. "हॅलो मॅडम. गुड आफ्टरनून." मग त्यांनी विचारलं, तुम्ही हिचे कोण? आणि तुम्ही म्हणालात, "हज्बंड, मॅडम. थर्टी सेव्हन इयर्स. एनी कंप्लेंट?"

तेव्हा त्या रडल्या. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. तुम्ही मराठीत ओरडत होतात, "सरोज, ही का रडतेय? तू काय केलंस? ऋतुराज कुठाय?"

तो दारात होता. तुम्हाला दिसला नाही. हातात दुधाची बादली. तुमचा आवाज ऐकून जिथल्या तिथे थांबलेला. चार वर्षांनी ऐकत होता. तुम्ही त्याचं नाव घेतलंत तेव्हा बादली हिंदकळली आणि दूध त्याच्या बुटांवर सांडलं.

नोराबाईंनी फोन त्याच्याकडे वळवला नाही. फक्त विचारलं, "ऋतू, कोण आहे हा माणूस?"

तो अजूनही काही सांगू शकला असता. मला त्याची भीती वाटत होती, त्याला सुचतं. माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. म्हणाला, "माय फादर." बादली खाली ठेवली आणि बाहेर गेला.

आज सकाळी आम्ही उठलो तेव्हा खोली रिकामी होती. धार काढून, दूध गाळून, खाद्य घालून गेलाय. चिठ्ठी नाही. पहिल्या बसने गेला असं दुकानातली बाई म्हणाली.

नोराबाईंनी वकिलाला नको म्हणून कळवलं. मग मला विचारलं, "तुला आधीपासून ठाऊक होतं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. दुपारी जिन्याखालच्या खोलीला आतून कडी लावल्याचा आवाज आला. इतके दिवस ते दार कधी लावलेलं नव्हतं.

लावणारच. मी तरी काय केलं असतं?

सरोज


१३ एप्रिल, रविवार

अहो,

तुमचा मेसेज अक्षदाने वाचून दाखवला. "ताबडतोब निघ." निघाले असते. पण शेळ्या व्यायला आल्यात, नोराबाईंचे हात थरथरतात, आणि नवीन पोरं यायला वेळ आहे. डेक्लन एक दिवस येऊन गेला. घटकाभर गोठ्यात उभा राहिला, स्वतःचे मळलेले बूट बघितले आणि गेला. म्हणून मी थांबलेय. पाच तास काम, त्याबदल्यात खोली आणि बटाटे. या वेळी कोणी कोणाला फसवलेलं नाही.

नोराबाई फार बोलत नाहीत. जिन्याखालची खोली त्यांनी सोडली नाही आणि मला माझी सोडायला सांगितली नाही. ब्रिजेट नावाची शेळी अडली तेव्हा मात्र दोघी गुडघ्यांवर बसलो. करडाचा एक पाय मागे दुमडलेला. मी हात घालून सरळ केला, त्यांनी शेळीचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. दोन करडं. दुसरं श्वास घेईना तर त्यांनी त्याचं नाक स्वतःच्या तोंडाने ओढून साफ केलं. नंतर चहा केला आणि माझा कप माझ्या हातात दिला. त्या सकाळपासून कडीचा आवाज नाही.

काल घरातला फोन वाजला. त्या बाहेर होत्या, म्हणून मी घेतला. तोच होता. डब्लिनला आहे, कोणाच्या तरी खोलीवर.

"ब्रिजेट व्याली?"

"व्याली. दोन."

"दोन्ही जगली?"

"एक अडलेलं. जगलं."

मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मी म्हटलं, "तू जेवलास का?" त्याने फोन ठेवला.

नोराबाई दारात येऊन उभ्या होत्या. काय म्हणाला, विचारलं. मी म्हटलं, शेळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "शेळीचंच?" मी म्हटलं, हो, शेळीचंच.

आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. राहवलं नाही म्हणून त्याने विचारलं, की दार अजून थोडं उघडं आहे का ते चाचपून बघितलं, हे त्यांना कळेना आणि मलाही कळेना. मी त्याची आई आहे. मला कळायला हवं होतं. तुम्ही असतात तर ठणकावून सांगितलं असतंत, आणि मी भांडले असते. आता भांडायलाही माझ्याकडे काही नाही.

एप्रिलच्या शेवटी येते. तारीख अक्षदा सांगेल. न्यायला या, टॅक्सीने येणार नाही.

त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. फोन करा असं मी म्हणत नाही. केलात तर त्याच्या कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल. मी एवढंच सांगू शकते, की तुम्ही त्याचं नाव घेतलंत तेव्हा त्याच्या हातातली बादली हिंदकळली. मी समोर होते. ते नाटक नव्हतं.

सरोज